साथसंगत आणि नाट्येतिहास : गोविंदराव पटवर्धन यांच्या निमित्ताने

संगीत नाटक शिकवताना आम्ही अनेक वर्षे एक अपराध करीत आलो आहोत, त्याची कबुली आरंभीच द्यावी हे बरे. आम्ही दोघेही रत्नागिरीत मराठीचे अध्यापन करतो. 'सौभद्र', 'शारदा', 'मानापमान', 'स्वयंवर' ही नाटके आलटूनपालटून अभ्यासक्रमात येतात आणि आम्ही ती निष्ठेने शिकवतो. कथानक, पात्रचित्रण, पदांची प्रासादिकता, संस्कृत नाट्यतंत्राचा प्रभाव, सारे काही होते. पदाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत छापलेली 'राग', 'ताल' आणि 'चाल' ही ओळ मात्र आम्ही ओलांडून पुढे जातो. एका विद्यार्थिनीने मध्यंतरी विचारले, "सर, ही 'चाल' म्हणजे नेमके काय? आणि पात्र गात असताना बाकीचे वाजवणारे कुठे बसलेले असायचे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले. दुसऱ्याचे देताना आम्ही अडखळलो. प्रस्तुत टिपण त्या अडखळण्यातून लिहिले आहे.

त्याच सुमारास पिएर फूर्निए या फ्रेंच चेलोवादकाविषयी आमचे वाचन चालू होते. पॅरिसमध्ये १९०६ साली जन्मलेला हा मुलगा आईकडे पियानो शिकत होता. नवव्या वर्षी पोलिओने पाय गेला, पियानोचे पायपट्टे दाबणे अशक्य झाले आणि तो चेलोकडे वळला. पुढे पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात अध्यापन, दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेतील मैफली, १९६० साली ध्वनिमुद्रित केलेल्या बाखच्या सहा स्वीट आणि १९८६ साली मृत्यू, असे हे जीवन. आम्हांला त्यात विशेष वाटले ते वेगळेच. चेलो हे वाद्य मुळात साथीचे. अठराव्या शतकात त्याचे मुख्य काम खर्जाची बाजू धरून ठेवण्याचे होते; वरच्या स्वरांत कोणी दुसराच मिरवत असे. तेथून ते एकट्याने रंगमंच व्यापण्यापर्यंत आले. १९४७ साली एडिंबरा येथे श्नाबेल, सिगेटी, प्रिमरोज आणि फूर्निए हे चौघे एकत्र वाजवायला बसले तेव्हा पियानो, व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांची नावे एकाच मापाच्या अक्षरांत छापली जाणार, हे गृहीतच होते. आपल्याकडे मैफलीच्या निमंत्रणपत्रिकेवर 'साथसंगत' हा शब्द येतो, त्यापुढे दोन नावे येतात, आणि अक्षरांचे माप उतरते. ही तक्रार नव्हे; हा आपल्या संगीतव्यवहाराचा एक संकेत आहे. परंतु इतिहासलेखनानेही तोच संकेत पाळावा काय, हा प्रश्न उरतो.

हा प्रश्न रत्नागिरीत बसून विचारायचा तर गोविंदराव पटवर्धन यांच्यावाचून दुसरे नाव सुचत नाही. जन्म १९२५, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, मृत्यू १९९६. मधली सत्तर वर्षे, त्यांतली बहुतेक मुंबईत, पेटी आणि ऑर्गन यांच्या पट्ट्यांवर गेली. छोटा गंधर्व, राम मराठे, वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व, जितेंद्र अभिषेकी ही नावे केवळ उच्चारली तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी संगीताचा निम्मा नकाशा उभा राहतो. या सर्वांच्या शेजारी, प्रेक्षकांच्या दृष्टीने किंचित बाजूला, गोविंदराव बसलेले असत.

त्यांचे वाद्यही जन्माने फ्रेंच, हा योगायोग आम्हांला मोलाचा वाटतो. अलेक्झांडर दबॅं या पॅरिसच्या कारागिराने १८४२ साली 'हार्मोनियम' या नावाने एकस्व घेतले. भात्याने हवा दाबायची, ती पितळेच्या पातळ जिभांवरून सोडायची आणि त्या जिभांच्या कंपनातून स्वर काढायचा, हे त्याचे तत्त्व. चर्चमध्ये मोठा नळ्यांचा ऑर्गन परवडत नाही तेथे हे वाद्य गेले. रोसिनीसारख्या संगीतकाराने १८६३ साली रचलेल्या आपल्या 'लहान' मासमध्ये दोन पियानोंच्या जोडीला ते घेतले. विसाव्या शतकात युरोपात त्याची गरज संपत गेली. भारतात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याचे पाय काढले, भाता पाठीमागे आणला आणि एका हाताने हवा भरत दुसऱ्या हाताने वाजवता येईल अशी बसक्या मैफलीची पेटी घडवली. बैठक खुर्चीवरून जमिनीवर आली, एवढ्या एका बदलाने परक्या वाद्याची जात बदलली.

कोकणात या पेटीने काय केले, हे येथल्या वाचकाला सांगावे लागत नाही. देवळाच्या उत्सवातले गावकऱ्यांचे नाटक, गणपतीतली आरती, डबलबारीचे भजन, कीर्तन, कशालाच पेटीवाचून चालत नाही. सारंगी शिकायला गुरूचे घर लागते, आणि त्या घराला एकोणिसाव्या शतकातील पांढरपेशा समाजाने कोठीशी जोडून ठेवले होते. सारंगिया हा शब्दच सुसंस्कृत घरात खालच्या आवाजात उच्चारला जाई. पेटीला असा भूतकाळ नव्हता. ती देवघराजवळ ठेवता येई, घरातली मुलगी वाजवू शके, मास्तर रविवारी शिकवायला येऊ शकत. गुहागरकडच्या पटवर्धनांच्या मुलाच्या हाती गज न येता पेटी यावी, यात वैयक्तिक आवडीइतकाच हा सामाजिक इतिहासही आहे. पेटीच्या प्रसाराचे श्रेय तिच्या सोयीला देऊन मोकळे होणारे लेखक ही बाजू सहसा पाहत नाहीत. एका वाद्याची प्रतिष्ठा वाढली ती दुसऱ्या वाद्याच्या वादकांना बाहेर ठेवून, हेही नोंदले पाहिजे.

गोविंदराव मुख्यतः ऐकून शिकले. कोकणातल्या उत्सवी नाटकांत आणि भजनांत पेटी वाजवणाऱ्याला एक शिक्षण अनायासे मिळते, त्याचा येथे विचार करावा. गाणारा हौशी असतो. तो कोणत्या पट्टीत सुरू करील याचा नेम नसतो. मध्येच तो चढतो किंवा उतरतो. ठेका सुटला तर त्याला हळूच जागेवर आणावे लागते, तेही प्रेक्षकांना न कळता. काळी एक, पांढरी चार, काळी पाच, कोणत्याही पट्टीला षड्ज मानून तेच पद त्याच सफाईने वाजवता आले पाहिजे. बोटांना बारा वेगवेगळे भूगोल पाठ व्हावे लागतात. पुस्तकी विद्यार्थी एकाच षड्जावर वर्षानुवर्षे रियाज करतो. उत्सवातला पेटीवाला एका रात्रीत चार षड्ज बदलतो.

पेटीवादनाची कलावंत-परंपरा महाराष्ट्रात त्यांच्या आधी प्रस्थापित झालेली होती. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी पेटीला स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून दिला, 'मानापमाना'च्या (१९११) चाली दिल्या, गंधर्व नाटक मंडळीच्या १९१३ मधील स्थापनेत भाग घेतला, आणि मराठी वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, त्यांनी लिहिले. टेंबे यांचे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याला माहीत असते ते त्यांच्या आत्मपर लेखनामुळे. पु. ल. देशपांडे पेटी वाजवत हे तर शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ज्याने पेटीबरोबर लेखणीही चालवली त्याला वाङ्मयाच्या इतिहासात जागा मिळाली. ज्याने केवळ पेटी वाजवली तो निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी राहिला. दोन्ही गोविंदरावांमधला हा फरक वादनाच्या प्रतीचा नव्हे, छापील कागदाचा आहे.

संगीत नाटकात पेटीपेक्षा ऑर्गन महत्त्वाचा, आणि येथे थोडे थांबायला हवे, कारण आमच्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आले तेव्हापासून साथीला तंतुवाद्ये होती. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि जोडीला ऑर्गन, असा थाट होता. हे साजिंदे रंगमंचाच्या पुढच्या कडेला, नटाच्या नजरेच्या टप्प्यात बसत. ऑर्गनमध्ये हवा पायांनी भरली जाते, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. गुडघ्याने सरकवायच्या दांड्यांनी आवाज लहानमोठा करता येतो. आणि यात हवा बाहेर फेकण्याऐवजी आत ओढली जात असल्यामुळे स्वर पेटीपेक्षा गोल, घुमारेदार येतो. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत षड्ज पोचवायचा आणि तरीही नटाच्या गळ्यावर स्वार व्हायचे नाही, हे काम त्या काळी ध्वनिक्षेपकावाचून याच वाद्याने केले.

संहितेत 'पद' असे छापलेले असते तेथे प्रत्यक्षात काय घडते? नटाचे गद्य वाक्य संपत आलेले असते. ऑर्गनवादक शेवटच्या दोन शब्दांच्या आत षड्ज देतो, त्यामुळे नटाला सूर शोधावा लागत नाही. बोलणे गाण्यात शिरते ते त्या स्वराच्या उंबरठ्यावरून. पद रंगले, प्रेक्षकांतून 'वन्समोअर' आला, तर किती आवर्तनांनी पुन्हा मुखड्यावर यायचे हे ऑर्गन आणि तबला यांच्यात एका दृष्टिक्षेपात ठरते. नट दमला असेल तर मधल्या जागा ऑर्गन भरतो आणि त्याला श्वास देतो. संवाद पुन्हा सुरू होताच तो नाहीसा होतो. हे सर्व नाट्यलेखन आहे. फक्त ते संहितेत उतरलेले नाही. गोविंदरावांनी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली ती नेमकी या अर्थाने. 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०), 'मत्स्यगंधा' (१९६४), 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकांनी संगीत रंगभूमीला दुसरा बहर आणला, असे आपण शिकवतो. त्या बहराच्या काळात साथीची ही विद्या कंपनीच्या मुक्कामातून बाहेर पडली होती. पगारी साजिंद्यांचा ताफा बाळगणाऱ्या नाटक मंडळ्या उरल्या नव्हत्या. मुंबईच्या नाट्यगृहांत प्रयोगापुरते येऊन, तालमी मोजक्या घेऊन, शंभर पदे बोटांत ठेवणाऱ्या वादकांवर संगीत नाटक चालत होते. गोविंदराव हे त्या व्यवस्थेचे आधारस्तंभ होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

छोटा गंधर्वांची साथ हा त्यांच्या कारकिर्दीतला एक कसोटीचा भाग. सौदागर नागनाथ गोरे हे त्यांचे मूळ नाव. त्यांच्या गाण्याचे वैशिष्ट्य असे की, तेच पद ते प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेने नेत. अपेक्षित जागेच्या एक पाऊल आधीच वळत. हलक्या, नाजूक हरकतींचा असा काही सडा टाकत की ऐकणारा हसून मान डोलावी. अशा गायकामागे धावणारी पेटी नेहमी उशिरा पोचते. गोविंदराव मागे धावत नसत. उपलब्ध ध्वनिमुद्रणे ऐकताना जाणवते ते असे : गायकाची हरकत संपते आणि पेटी तिची नक्कल करीत नाही, तिचा शेवटचा धागा उचलते आणि मुखड्याकडे वळते. कधी पूर्ण तान जशीच्या तशी परत येते, इतकी लगोलग की ती आधीच ठाऊक होती असा भास व्हावा. श्रोते टाळ्या देतात त्या अशा ठिकाणी. आम्हांला स्वतःला मात्र ते काहीच न वाजवता केवळ षड्ज धरून बसतात त्या जागा अधिक मोठ्या वाटतात.

कारण पेटीवरचे आक्षेप खोटे नाहीत. तिच्यावर मींड निघत नाही; दोन पट्ट्यांच्या मधला प्रवास तिला अशक्य. तिचे बारा स्वर पाश्चात्त्य समविभागाने बांधलेले, त्यामुळे तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधाराशी तिचा गांधार नेमका जुळत नाही. हा दोष काढण्यासाठी महाराष्ट्रात एक मोठा उद्योग झाला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल (आमच्या विद्यार्थ्यांसाठी सांगायचे तर 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल यांचे बंधू) आणि क्लेमेंट्स नावाचे सनदी सेवेतील इंग्रज न्यायाधीश यांनी बावीस श्रुती वाजवणारी 'श्रुतिपेटी' सिद्ध करण्यासाठी १९१०च्या पुढेमागे अतोनात खटपट केली. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिची चर्चा झाली. वादकांनी ती स्वीकारली नाही. एका भावाने मराठी रंगभूमीला 'संशयकल्लोळ' दिले आणि दुसऱ्याने पेटीविषयीचा संशय मिटवण्यात आयुष्याचा मोठा भाग वेचला. असो.

या आक्षेपांचा कळस म्हणजे आकाशवाणीची बंदी. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लेख लिहिला, रवींद्रनाथांचा तिला विरोध होताच, आणि १ मार्च १९४०पासून ती नभोवाणीवरून हद्दपार झाली. स्वातंत्र्यानंतरही निर्णय फिरला नाही. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते त्या संपूर्ण काळात (१९५२-१९६२) बंदी कायम राहिली. १९७०च्या दशकाच्या आरंभी ती साथीपुरती सैल झाली. हे सन गोविंदरावांच्या वयाशी ताडून पाहावेत. बंदी आली तेव्हा ते पंधरा वर्षांचेही नव्हते; सैल झाली तेव्हा पंचेचाळिशी गाठून गेले होते. वादकाच्या हातातली सर्वांत तल्लख वर्षे नेमकी ती, जेव्हा देशातली सर्वांत मोठी श्रवणसंस्था त्याचे वाद्य ऐकायला तयार नव्हती. सरकारी संग्रहांत त्या तीस वर्षांच्या रागसंगीताच्या मुद्रणांत सारंगी आहे, व्हायोलिन आहे, पेटी नाही. ती ऐकायची तर खाजगी मैफलींच्या फिती, नाट्यपदांच्या तबकड्या आणि म्हाताऱ्या रसिकांच्या आठवणी यांच्याकडे जावे लागते.

बंदी घालणाऱ्यांचा तर्क तात्त्विक होता, आणि आम्ही तो समजू शकतो. त्यांनी वाद्याचे गुणदोष मोजले; वादक मोजला नाही. मींड निघत नाही हे खरे, पण ती कोठे हवी हे जाणणारा वादक तिच्या सुरुवातीच्या स्वरावर भात्याचा दाब हलका करतो, मधला प्रवास गायकाच्या गळ्यावर सोपवतो आणि शेवटच्या स्वरावर पुन्हा भेटतो. उणीव झाकली जाते ती गप्प राहून. कुमार गंधर्वांच्या मैफलीत या गप्प राहण्याचे मोल सर्वाधिक. त्यांचे तंबोरे जुळवणे ही मैफलीआधीची एक मैफलच असे. त्या सुरात समविभागी पेटी मोठ्याने मिसळली तर सारे गढूळ व्हावे. शिवाय त्यांचे गाणे तुटक, अकस्मात, मध्ये मोठी शांतता ठेवणारे. ती शांतता भरून काढण्याचा मोह टाळणे हीच तेथे साथ होती. त्यांच्या कित्येक मैफलींत तबल्यावर वसंतराव आचरेकर आणि पेटीवर गोविंदराव पटवर्धन, अशी जोडी असे. एकाच्या नावाने कणकवलीत आज सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे, दुसरा गुहागरचा. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत ही दोन्ही गावे एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होती. देवासहून आलेल्या, मूळ बेळगावकडच्या त्या गायकाच्या दोन्ही बाजूंना आमचा जिल्हा बसलेला असे, हे लिहिताना आम्हांला थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी सोसावा.

गोविंदरावांनी एकल वादनही केले, नाट्यपदे पेटीवर वाजवली, आणि शब्दांवाचूनही पद ओळखीचे नव्हे तर अर्थाचे वाटू शकते याचा प्रत्यय दिला. तरी त्यांची खरी ओळख साथीदार हीच. त्यात त्यांना कमीपणा वाटत असेल असे त्यांचे वादन ऐकून तरी वाटत नाही. त्यांच्यानंतर काळ काहीसा बदलला. गोव्याच्या तुळशीदास बोरकर यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली आणि पेटीचा सन्मान राजधानीत झाला. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव होतो तेव्हा पेटीवाल्याच्या तानेला स्वतंत्र टाळी पडते, हे आम्ही पाहिले आहे.

आता पुन्हा आमच्या वर्गाकडे. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतरच्या आठवड्यात आम्ही छोटा गंधर्वांच्या एका नाट्यपदाचे ध्वनिमुद्रण वर्गात ऐकवले आणि मुलांना सांगितले की गायकाकडे लक्ष देऊ नका, मागचे ऐका. पहिल्यांदा कोणाला काहीच वेगळे ऐकू आले नाही. दुसऱ्यांदा मागच्या बाकावरचा, गावच्या भजनात बसणारा एक मुलगा म्हणाला, "ते श्वास घेतात तिथं पेटी पुढे येते." आम्ही त्याला फळ्यावर तेवढ्या जागांच्या खुणा करायला सांगितले. पदाच्या छापील सहा ओळींत त्याने अकरा खुणा केल्या.

पुढच्या सत्रात 'सौभद्र' शिकवताना एका सहकाऱ्याची पेटी वर्गात आणायचे ठरले आहे. जुलैच्या दमट हवेत तिची मंद्र सप्तकातली एक पट्टी फुगून अडकते आणि भात्याचे चामडे एका कोपऱ्यात उंदरांनी कुरतडले आहे. ती आधी दुरुस्त करून घ्यावी लागेल.